सभासद कोण? : नव्या संस्थेची घटना लिहिण्यापूर्वी

सात माणसे, एक नाव, एक पत्ता आणि घटनेची दहा-बारा पाने, एवढ्या भांडवलावर महाराष्ट्रात सार्वजनिक संस्था उभी राहू शकते. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाने घातलेली ही अट आजही कायम आहे. साहित्य, विज्ञान किंवा धर्मादाय कामासाठी किमान सात जणांनी एकत्र यावे, विधानपत्रावर सह्या कराव्यात आणि सोबत नियमावलीची, कार्यकारी मंडळातल्या किमान तिघांनी प्रमाणित केलेली प्रत जोडावी. धर्मादाय कामाच्या अशा संस्थेला आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही नोंद करावी लागते. गावोगावच्या वाचनालयांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या पाटीवर नोंदणी क्रमांकाच्या आधी ‘एफ’ हे अक्षर दिसते ते त्यामुळे. विधानपत्र आणि नियमावली मिळून जे होते त्यालाच आपण व्यवहारात संस्थेची घटना म्हणतो, आणि ती कशी लिहावी हा या पुस्तकाचा विषय आहे. पुस्तकात नमुने आहेत, अर्ज आहेत, कलमवार चर्चा आहे. प्रस्तावनेत मला एकच मुद्दा नीट मांडायचा आहे: घटनेचे मर्म उद्देशांच्या यादीत नसते, ते सभासदत्वाच्या कलमात असते, आणि नेमके तेच कलम बहुतेक नव्या संस्था न वाचता उतरवून घेतात.

घटना तयार होते कशी, ते पाहू. कुणीतरी ओळखीच्या संस्थेची घटना मागून आणतो. नाव आणि पत्ता बदलला जातो. उद्देशांवर मात्र दोन-तीन संध्याकाळी चर्चा होते आणि यादी वाढत जाते. वृक्षारोपण, संगणक प्रशिक्षण, व्यसनमुक्ती, वधू-वर मेळावे, जे जे पुढेमागे करावेसे वाटेल किंवा ज्यासाठी अनुदान मिळण्याची शक्यता वाटेल ते सगळे त्यात येते. मग सभासदत्व, सभा, गणपूर्ती, निवडणूक ही पाने आहेत तशी राहतात, कारण त्यांत वाद घालण्यासारखे कुणाला काही दिसत नाही. पहिल्या दिवशी ते खरेही असते, कारण त्या दिवशी सभासद म्हणजे समोर बसलेले सात जण. पण कायद्याची साखळी पुढे कशी जाते ते लक्षात घ्यायला हवे. सभासदांची सर्वसाधारण सभा कार्यकारी मंडळ निवडते. मालमत्ता विश्वस्तांच्या नावे केलेली नसेल तर ती कायद्याने कार्यकारी मंडळाकडेच निहित समजली जाते. संस्थेच्या वतीने दावा कुणी लावायचा आणि संस्थेवरचा दावा कुणाच्या नावाने चालवायचा, हेही नियमावलीच ठरवते. म्हणजे ज्याच्या हातात सभासदांची नोंदवही, त्याच्या हातात मंडळ, आणि मंडळापाठोपाठ जागा, बँकेतले खाते आणि संस्थेचे नाव. उद्देशांच्या पानावर या साखळीतले काहीच नसते.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात याचा पहिला मोठा धडा पुण्यातच आहे. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण अट ठेवली: सभासद व्हायचे तर किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणायचे. त्या काळी मतदानाचा हक्क नव्हता, कायदेमंडळात लोकांनी निवडलेले कुणी नव्हते, आणि सरकारपुढे उभे राहणाऱ्याला ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ हा प्रश्न विचारला जाई. सभेने त्याचे उत्तर उद्देशात लिहिले नाही, सभासदत्वाच्या नियमात लिहिले. त्या एका नियमाने पुण्यातले एक मंडळ लोकांच्या वतीने बोलू शकणारी संस्था झाले. पुढे पंचवीस वर्षांनी, १८९५ मध्ये, त्याच सभेच्या निवडणुकीत टिळकांच्या पक्षाने बहुमत मिळवले आणि व्यवस्थापन त्यांच्याकडे गेले. रानडे आणि गोखले बाहेर पडले आणि १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा स्थापन केली. दोन्ही बाजूंच्या राजकारणाबद्दल वाचकाचे मत काहीही असो, इथे एवढेच पाहायचे की सभेचे नाव बदलले नाही, उद्देश बदलले नाहीत. मत देणारे बदलले, आणि सभा बदलली.

अलीकडचे उदाहरण साहित्याच्या क्षेत्रातले आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष वर्षानुवर्षे निवडणुकीने ठरत असे. साधारण हजारभर मतदार, पत्रिका पाठवायच्या, उमेदवारांनी प्रचार करायचा, आणि ज्येष्ठ लेखकांनी उभेच राहायला नकार द्यायचा, असे चालले होते. २०१८ मध्ये साहित्य महामंडळाने घटनादुरुस्ती केली आणि निवडणुकीऐवजी घटक संस्थांकडून आलेल्या नावांतून सन्मानाने निवड करण्याची पद्धत स्वीकारली. त्या पद्धतीने आलेल्या पहिल्या अध्यक्षा अरुणा ढेरे, यवतमाळच्या संमेलनाच्या. ही दुरुस्ती चांगली की वाईट यावर साहित्यिकांत मतभेद आहेत. मला ती मुळात योग्य वाटते, पण तिने मताचा हक्क हजारभर माणसांकडून मोजक्यांकडे नेला हेही तितकेच खरे आहे. कोण ठरवणार हे बदलले की काय ठरणार हेही बदलते. म्हणूनच अशा कलमाला हात लावताना दीर्घ चर्चा व्हायला हवी, आणि ते पहिल्यांदा लिहिताना तर त्याहून जास्त.

सर्वोच्च न्यायालयानेही हे सूत्र अगदी मुळापासून मान्य केले आहे. हिंदी साहित्य संमेलन ही अलाहाबादची नोंदणीकृत संस्था. १९६२ च्या कायद्याने संसदेने तिचे रूपांतर वैधानिक संस्थेत केले आणि जुन्या सभासदांच्या संमतीवाचून नवे सभासद आत आणण्याची सोय केली. दमयंती नारंग खटल्यात न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) ने दिलेला संस्था स्थापण्याचा हक्क हा फक्त स्थापनेच्या दिवसापुरता नसतो, आपण ज्यांच्याबरोबर एकत्र आलो त्यांच्याबरोबर राहण्याचा हक्कही त्यातच येतो, असा त्या निकालाचा आशय आहे. संसदेलाही सहजासहजी बदलता येत नाही असा हा हक्क आपण कुणाच्या तरी घटनेतून नक्कल करून भरून टाकावा, हे मला फार खटकते.

आता ते कलम जवळून पाहू. शंभरातल्या बऱ्याच घटनांत ते साधारण असे असते: ‘संस्थेच्या उद्देशांशी सहमत असणारी, वयाची १८ वर्षे पूर्ण केलेली कोणतीही व्यक्ती विहित वर्गणी भरून संस्थेची सभासद होऊ शकेल.’ वाक्य स्वच्छ दिसते. पण ‘होऊ शकेल’ म्हणजे कोणाच्या निर्णयाने? कार्यकारी मंडळाच्या की सर्वसाधारण सभेच्या? अर्ज आल्यावर किती दिवसांत निर्णय द्यायचा, आणि दिलाच नाही तर अर्ज मंजूर समजायचा की नामंजूर? नामंजूर केला तर कारण कळवायचे का, आणि अपील कोणाकडे? मताचा हक्क वर्गणी भरल्याच्या दिवसापासून की काही काळानंतर? निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात चारशे अर्ज वर्गणीसह आले तर त्यांचे काय? आजीव सभासदाचा मृत्यू झाला, तो गाव सोडून गेला किंवा दहा वर्षे एकाही सभेला आला नाही, तर गणपूर्तीत त्याची मोजणी व्हायची का? या प्रत्येक प्रश्नावर भांडण होऊ शकते, आणि धर्मादाय कार्यालयात पदाधिकारी बदलाचे जे अर्ज वर्षानुवर्षे वादात अडकून राहतात त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा यातलाच एखादा प्रश्न असतो. दोन गट, दोन सभा, दोन इतिवृत्ते, दोन बदल अर्ज. आणि निर्णय लागेपर्यंत बँक कोणाची सही मान्य करायची या पेचात. तोवर संस्थेचे वाचनालय बंद राहते किंवा शाळेच्या शिक्षकांचे पगार थकतात.

वर्गणीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण तो फार थोड्या जणांना ठाऊक असतो. १८६० च्या अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला त्या कायद्याखालच्या कामकाजात मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची मोजणीही होत नाही. तरतूद वाजवी आहे. पण वर्गणी घेणारा चिटणीसच निवडणुकीत एका बाजूचा असेल तर? पावतीपुस्तक संपले आहे, खजिनदार बाहेरगावी आहेत, पुढच्या महिन्यात या, असे सांगत तीन महिने काढता येतात. यावर उपाय घटनेतच एका वाक्यात करता येतो: वर्गणी संस्थेच्या बँक खात्यात थेट भरता येईल आणि भरल्याचा बँकेचा पुरावा हीच पावती मानली जाईल. एवढे वाक्य आधी लिहिले असते तर वाचली असती अशी भांडणे थोडी नाहीत.

गणपूर्तीचे कलमही असेच निरुपद्रवी दिसते. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता असणार नाही.’ रोजच्या कामासाठी ही सोय गरजेची आहे. पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी दोनशेपैकी सत्तर सभासद येणे कठीण, हे संस्था चालवणारा कोणीही सांगेल. पण याच सोयीने अर्ध्या तासानंतर उरलेले सात जण ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शीर्षकाखाली घटना बदलू शकतात, आणि इतिवृत्तात तो ठराव सर्वानुमते मंजूर म्हणून नोंदला जातो. तहकूब सभेत छापील विषयपत्रिकेतलेच विषय घ्यावेत, आणि निवडणूक, घटनादुरुस्ती, मालमत्तेचे व्यवहार या तीन विषयांना गणपूर्ती नसलेली सभा चालणार नाही, अशी दोन वाक्ये जोडली की सोयही राहते आणि वाटही बंद होते.

यावर सर्वांत आधी घेतला जाणारा आक्षेप प्रामाणिक असतो: आम्ही पंधरा वर्षांचे मित्र, एका ध्येयाने एकत्र आलो आहोत, सुरुवातीलाच असे अविश्वासाचे नियम कशाला? या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी. चिपळूणकर, टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी. स्वार्थत्यागाची इतकी दाट पार्श्वभूमी मराठी समाजात क्वचितच कुठल्या संस्थेला लाभली. तरीही १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले, आणि वादाचा एक मोठा भाग होता तो आजीव सदस्यांनी संस्थेबाहेरचे काम करावे का, त्यातून मिळणारा पैसा कोणाचा, वेतन वाढवावे का, हा. पूर्ण वेळ आणि पूर्ण शक्ती संस्थेला द्यायची हे तत्त्व सर्वांना मान्य होते. पण त्याची व्याप्ती प्रत्येकाच्या मनात वेगळी होती, आणि ती पुरेशी नेमकेपणाने लिहून ठेवलेली नव्हती. गोखल्यांनी त्याच वर्षी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा हा प्रश्न आणखी चिघळला. त्याच गोखल्यांनी पंधरा वर्षांनी, १२ जून १९०५ रोजी, भारत सेवक समाज काढला तेव्हा सदस्यांसाठी सात प्रतिज्ञा लिहिल्या, आणि त्यांत स्वतःसाठी पैसा मिळवण्यात आपली शक्ती खर्च करणार नाही ही प्रतिज्ञा स्पष्ट शब्दांत आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतला वाद त्यांनी फार जवळून पाहिला होता, हे इथे विसरून चालणार नाही. मित्रांमधला विश्वास टिकावा असे वाटत असेल तर मतभेदाचे मुद्दे मैत्री शाबूत असतानाच कागदावर आणावेत. बिघडल्यावर आणलेला प्रत्येक नियम कुणाच्या तरी विरोधातला असतो.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे: ज्यांना नियम मोडायचेत ते मोडतातच, मग लिहून काय उपयोग? भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे प्रकरण या आक्षेपाच्या बाजूने दिले जाते, पण ते नीट पाहिले तर उलटे सांगते. हे मंडळही मुळात तमिळनाडूत नोंदलेली एक संस्थाच आहे. पदाधिकाऱ्याचा सामन्यांत कोणताही व्यावसायिक हितसंबंध असू नये, असा नियम ६.२.४ त्याच्या नियमावलीत होता. जानेवारी २००८ मध्ये आयपीएलचे संघ विकले गेले, त्यातला चेन्नईचा संघ मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याच्या कंपनीने घेतला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नियमात आयपीएलसारख्या स्पर्धांचा अपवाद घालण्यात आला. दुरुस्ती रीतसर झाली होती. तरी जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुढे लोढा समितीच्या शिफारशी आल्या, २०१८ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली नवी घटना झाली, पदांच्या मुदतीनंतर सक्तीच्या विश्रांतीचा कालावधी आला, आणि २०२२ मध्ये तो मंडळाच्याच अर्जावरून सैल करण्यात आला. नियम वाकवले गेले हे खरे. पण हितसंबंधांचा मूळ नियम लिहिलेलाच नसता तर कोणी काय मोडले हे दाखवता आले असते का? ज्याला न्याय मागायचा आहे त्याच्या हातात तो मजकूर असतो म्हणून नियम लिहायचे. शिवाय यातून घटनादुरुस्तीच्या कलमाचेही महत्त्व दिसते. संस्थेचे उद्देश बदलायचे असतील तर १८६० चा कायदा बरेच सांगतो: लेखी प्रस्ताव, दहा दिवसांची सूचना, तीन-पंचमांश मते, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तितक्याच मतांनी पुष्टी. विसर्जनालाही तीन-पंचमांश सभासद लागतात, आणि देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते. रोजच्या नियमावलीत बदल कसा करायचा हे मात्र मुख्यतः संस्थेवर सोडलेले आहे. तेव्हा ते आपणच लिहायचे, आणि एक गोष्ट न विसरता लिहायची: ज्या पदाधिकाऱ्याला दुरुस्तीचा थेट लाभ होणार आहे त्याने तिच्यावर मत देऊ नये, आणि ती त्याच्या चालू मुदतीला लागू होऊ नये.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो अनुभवी लोक घेतात. सभासदत्व खुले ठेवले की एक दिवस कोणीतरी वर्गण्या भरून संस्था ताब्यात घेतो. म्हणून सात-नऊ विश्वासू माणसांपुरतीच संस्था ठेवावी, रिकामी जागा उरलेल्यांनीच भरावी, असे ते म्हणतात. भीती खोटी नाही. पण बंद दाराच्या संस्थेचे काय होते तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. पहिल्या पिढीची माणसे गेली की त्यांच्या जागी मुले, सुना, जावई येतात, आणि लोकांच्या देणग्यांवर वाढलेली संस्था एका घराची होऊन बसते. देणगीदाराला प्रश्न विचारायला सभा उरत नाही. दोन्ही टोकांमध्ये जागा आहे, आणि पुस्तकातले सभासदत्वाचे प्रकरण त्या जागेविषयीच आहे. नव्या सभासदाला प्रवेश उदार असावा, मत मात्र एक-दोन वर्षांच्या सहभागानंतर मिळावे. मतदारयादी निवडणुकीच्या काही महिने आधी बंद व्हावी. अर्ज नाकारला तर लेखी कारण आणि सर्वसाधारण सभेकडे अपील असावे. एकाच कुटुंबातल्या किती जणांना कार्यकारिणीत बसता येईल याला मर्यादा असावी. पदांना मुदत असावी, आणि मुदत संपूनही निवडणूक झाली नाही तर ठरावीक संख्येने सभासदांना स्वतः सभा बोलावता यावी. हे शेवटचे वाक्य अनेक घटनांत नसते. मग मुदत संपलेले मंडळ निवडणूक घेत नाही, घेतली तर तिला अधिकार होता का यावर वाद होतो, आणि संस्था वर्षानुवर्षे त्याच जुन्या नावांवर चालत राहते.

एवढे सगळे लिहायचे तर घटना चाळीस पानांची होईल, लहान संस्थेला ते पेलणार कसे, असेही विचारले जाते. पेलायचे कारण नाही. पुरस्कार कसे द्यावेत, सभागृहाचे भाडे किती, शिबिराला कोणाला पाठवावे, हे घटनेत नकोच. ते कार्यकारिणीने ठरावाने करावे आणि ठरावाने बदलावे, कारण घटनेतली प्रत्येक दुरुस्ती म्हणजे विशेष सभा, मग कार्यालयात कागदपत्रे, मग वाट पाहणे. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, वर्षाला हिशेबतपासणी, स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी, हे कायद्यातच आहे; घटनेत त्याची पुनरुक्ती करून पाने वाढवू नयेत. सभासद कोण, त्यांची सभा कशी भरते, ते मंडळ कसे निवडतात, कसे बदलतात, पैशावर कोणाच्या सह्या आणि घटना कशी बदलायची, एवढे नेमके लिहिले तर बाकी दोन पानांत आटोपते.

या पुस्तकातला कोणताही नमुना जसाच्या तसा उतरवू नका. नमुना म्हणजे प्रश्नांची आठवण. उत्तरे तुमच्या गावाची, तुमच्या कामाची आणि तुमच्या माणसांची असली पाहिजेत. विधानपत्रावर सह्या होण्याआधी सातही जणांनी एकत्र बसून सभासदत्वाचे कलम मोठ्याने वाचावे, आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारावा: उद्या या नोंदवहीत मला न आवडणारी माणसे बहुमतात आली, तरीही हे कलम मला न्याय्य वाटेल का? एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर त्या दिवशी सही करू नका. कलम पुन्हा लिहा.